माळरानावरचा लांडगा आणि मोकाट कुत्री

बिबट्या गावात शिरला की पिंजरे लागतात, पुढारी धावतात. लांडग्याची मात्र कुणाला फिकीर नाही. पुणे जिल्ह्यातील माळरानावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर होत असल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. तो शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्धही झाला. देशात लांडगे जेमतेम तीन हजारांच्या आसपास. संकराने त्यांच्या वंशात भेसळ होतेच, शिवाय मोकाट कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपरसारखे रोगही त्यांच्यात पसरतात. वन्यजीव कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत नाव असून उपयोग काय? माळरानालगतच्या गावांत कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण तातडीने व्हावे. अर्थात, पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकत राहिले आणि त्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली तर तेही पुरे पडणार नाही. ग्रामपंचायती अशा पोल्ट्रीवाल्यांना दंड का करत नाहीत?

– एक वाचक, सासवड