चित्रकलेचा एक तास शिक्षकावर सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा जवळ आल्या की पालक शाळेत येऊन एकच विचारतात, इंटरमिजिएटचा सराव किती झाला? दहावीला वाढीव गुण मिळतात, तेव्हा विचारण्यात गैर काही नाही. पण शिक्षक परप्रांतातून आलेले असतील, तर ‘त्यांना आपल्याकडची पद्धत कुठे माहीत?’ हेही त्याच दमात ऐकू येते. त्याबद्दल हे पत्र.

माझ्या शाळेत एक बंगाली बाई होत्या. त्यांनी एकदा वर्गात आल्पना घेतली. तांदूळ भिजवून वाटलेली पातळ पिठी, त्यात बुडवलेला कापडाचा बोळा मुठीत धरायचा आणि अनामिकेवरून पांढरी धार जमिनीवर सोडायची. रांगोळीला सरावलेल्या आमच्या मुलींनी लगेच विचारले, “बाई, ठिपके किती?” बाई म्हणाल्या, “ठिपके नाहीत. मधून सुरू करा, वेल जाईल तिकडे जाऊ दे.” अर्धा वर्ग हात आखडून बसला. मात्र पुढे याच मुलींच्या संकल्पचित्रांतली, म्हणजे नक्षीकामातली, रेषा मोकळी झाली. परीक्षेतल्या घनभूमितीत बाईंना रस नव्हता. ती मी घ्यायचो, त्यात काय एवढे?

माणूस लहानपणी ज्यावर हात बसवतो, तेच पुढे शिकवताना वर येते. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ अल्बर्स यांचे वडील जर्मनीत घरे रंगवत. दार रंगवताना मधून कडेकडे यायचे, म्हणजे बाह्या खराब होत नाहीत, ही त्यांची शिकवण. नाझींच्या दबावाखाली बाउहाउस ही जर्मनीतली कलाशाळा, जिथे ते शिकवत, बंद पडल्यावर, 1933 मध्ये, अल्बर्स अमेरिकेत गेले. इंग्रजी जेमतेम. तरी ब्लॅक माउंटन कॉलेजात त्यांनी मुलांच्या हाती साधा कागद देऊन, तो वाया न घालवता त्याचे काय काय होते ते करून बघायला लावले. कारागिराच्या घरातली काटकसर अशी वर्गात आली. लांब कशाला, बडोद्याच्या कला विद्याशाखेत इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि केरळचे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन शिकवायला होते. बडोद्याचे त्यात भलेच झाले.

आपल्या शाळा काय करतात? सरस्वतीपूजनाला बाईंकडून दारात आल्पना काढून घेतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात सरावाची छापील वही देतात. म्हणजे बाई शोभेपुरत्या! अर्थात घरून आलेले सगळेच चांगले असते असेही नाही. कुणी नमुन्याबरहुकूम नक्कल करून घेण्याचा हट्टही सोबत आणतो. अशा वेळी मुख्याध्यापकांनी जरूर बोलावे.

माझी मागणी साधी आहे. आठवड्यातला चित्रकलेचा एक तास वहीविना, पूर्णपणे त्या शिक्षकावर सोडावा. आणि मुलाखतीत पदविका बघून झाली की एवढे विचारावे, घरी काय काढत होतात, कुणाकडून शिकलात?

एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
कोथरूड, पुणे