कोडिंगची नोकरी अडते ती चार्टवर

संपादक महोदय,

मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे अमेरिकी रुग्णांच्या नोंदींतल्या आजार-उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देण्याच्या कामाच्या, क्लासचे ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाले फलक पुण्यात जागोजागी दिसतात. बी. फार्म., बीएचएमएस, मायक्रोबायोलॉजी झालेली मुले फी भरतात, एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी ही कोडरची परीक्षा पास होतात आणि नोकरीसाठी महिनोन्महिने खेटे घालतात. परीक्षेत १०० प्रश्न, चार तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, शिवाय कोडची पुस्तके जवळ ठेवायची मुभा. कंपनीत समोर येतो तो अख्खा चार्ट, म्हणजे रुग्णाची पूर्ण वैद्यकीय नोंद. त्यात पर्याय दिलेले नसतात आणि अचूकता साधारण ९५ टक्के मागतात. बहुतेक मुले अडतात ती इथे.

एक नेहमीची नोंद घ्या: टाइप टू मधुमेह, उच्च रक्तदाब, किडनीचा जुनाट आजार स्टेज थ्री-ए. नवखा उमेदवार हमखास ई११.९ (गुंतागुंत नसलेला मधुमेह), आय१० (रक्तदाब) आणि एन१८.३१ (किडनी, स्टेज थ्री-ए) असे सुटे कोड लावतो. पण डॉक्टरांनी संबंध नाही असे स्पष्ट लिहिले नसेल, तर मधुमेह आणि किडनीचा आजार जोडलेलेच धरायचे, रक्तदाबाचेही तसेच, असा आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडयादीचा नियम आहे. म्हणून ई११.२२ (मधुमेहासह किडनीचा आजार), आय१२.९ (रक्तदाबासह किडनीचा आजार) आणि एन१८.३१. रुग्ण कायम इन्सुलिनवर असेल तर त्याचा झेड७९.४ही हवा. ओपीडीच्या चार्टवर ‘प्रोबेबल न्यूमोनिया’ असेल तर न्यूमोनिया कोड करायचा नाही, ताप-खोकला करायचा. दाखल रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत तेच शब्द आले, तर हॉस्पिटलच्या कोडिंगमध्ये न्यूमोनियाच धरायचा. मुलाखत घेणारा कोड ऐकून थांबत नाही, ‘का?’ विचारतो. तेव्हा नियम तोंडावर हवा. रोज थोडे चार्ट सोडवून प्रत्येक कोडपुढे कारण लिहायची सवय लावली, तरच तो तोंडावर येतो.

पुस्तक चालू वर्षाचेच वापरा. आयसीडीचे नवे कोड १ ऑक्टोबरला लागू होतात, सीपीटीचे (तपासण्या-उपचारांच्या कोडयादीचे) १ जानेवारीला. नोव्हेंबरातल्या मुलाखतीला जुन्या आयसीडीवर गेलात तर ते लगेच उघडे पडते.

नव्याने पास झालेल्यांच्या सीपीसीपुढचे ‘ए’ म्हणजे अप्रेंटिस. ते काढायला दोन वर्षांच्या कोडिंग अनुभवाची पत्रे लागतात. त्यातले एक वर्ष ८० तासांच्या कोर्सने भरून निघते, म्हणून तासांचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र क्लास सोडण्याआधीच मागून घ्या. एएपीसीचा प्रॅक्टिकोड हा चार्ट-सरावाचा ऑनलाइन कार्यक्रम पूर्ण केला तर तोही एका वर्षाच्या अनुभवाइतके धरतात. एएपीसीच्या सदस्यत्वाचे नूतनीकरण मात्र चुकवू नका. कंपन्या सदस्य क्रमांक ऑनलाइन तपासतात आणि सदस्यत्व संपले असेल तर प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

नवख्यांना सहसा एचसीसी (विम्याची जोखीम ठरवण्यासाठी रुग्णाच्या आजारांचे कोडिंग) किंवा रेडिओलॉजीत वाव मिळतो. सर्जरी किंवा इनपेशंट डीआरजीचा (दाखल रुग्णांच्या गटवार बिलासाठीच्या कोडिंगचा) हट्ट पहिल्याच नोकरीत धरू नये. नुसते ‘कोडर’ म्हणून अर्ज न करता बायोडेटात कोणत्या स्पेशालिटीचे चार्ट सोडवले ते लिहा. खऱ्या रुग्णाची कागदपत्रे मात्र नमुना म्हणून कधीही जोडू नका. हिपा या रुग्णांच्या गोपनीयतेच्या अमेरिकी कायद्याचे भान नाही हे त्यातून दिसते आणि अर्ज तिथेच संपतो. पुण्यात जागा आहेत, पण या कामाची मोठी केंद्रे चेन्नई आणि हैदराबाद. पहिल्या वर्षासाठी तिकडे जायची तयारी असेल तर दारे बरीच उघडतात. घरून काम बहुधा अचूकता सिद्ध झाल्यावरच मिळते.

‘आधी एआर कॉलिंग (थकलेल्या बिलांसाठी विमा कंपन्यांना फोन करायचे काम) करा, सहा महिन्यांत कोडिंगला घेऊ’ असे सांगितले तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. कॉलिंगचे काम बहुतेकदा रात्रपाळीचे असते आणि ते कोडिंगचा अनुभव ठरत नाही. नोकरी लावण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. बाँडवर सही करण्याआधी मुदत आणि दंडाची रक्कम वाचा. मूळ पदवी प्रमाणपत्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

क्लासचालकांना आमची जाहीर विनंती आहे: प्लेसमेंटचा आकडा छापताना कोडिंगला किती लागले आणि कॉलिंगला किती, हे वेगळे छापा. पालक कर्ज काढून फी भरतात, त्यांना एवढे कळायलाच हवे.

– मेडिकल कोडिंग क्षेत्रातील काही ऑडिटर व प्रशिक्षक, पुणे