माननीय आरोग्यमंत्री, आमच्या अण्णांचे ८४ दिवस भरले

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, नवी दिल्ली
सप्रेम नमस्कार.

आज गुरुवार, २४ जून २०२१. माझे वडील अण्णा, वय ७१, कोरोना लसीच्या दोन डोसांमधले ८४ दिवस भरल्यापासून आज सकाळी तिसऱ्यांदा लस न घेता घरी आले. कामात असाल, थोडक्यात सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आम्ही. पहाटे चारला केंद्रावर पोचलो तर पायरीपासून गेटपर्यंत छत्र्यांची रांग लागलेली. माणसं समोरच्या पत्र्याखाली उभी आणि नंबर धरायला जमिनीवर बंद छत्र्या आडव्या, मधेमधे चपला, एकाची तर दुधाची किटली. आमची छत्री अठ्ठावन्नावी. साडेनऊला सिस्टर आल्या, हातात एवढासा बॉक्स, म्हणाल्या पाच वायल आल्यात, एका वायलीत दहा, म्हणजे पन्नास जणं थांबा, बाकीच्यांनी जावा घरी. अण्णांनी काही न बोलता छत्री उचलली, झटकली आणि चालायला लागले. त्यांचा गुडघा धरतो, पण रिक्षा नको म्हणाले.

सिस्टरवर राग नाही हो. ती बाई काय खिशातून काढून देणार. शिव्या मात्र तीच खाते, प्रेस कॉन्फरन्स तुम्ही घेता.

सोमवारी, २१ जूनला, देशात एका दिवसात ८६ लाखांच्या वर डोस दिले म्हणे. अभिनंदन. विक्रम झाला, फुकट लसीबद्दल आभाराचे फलक लागले, विद्यापीठांनासुद्धा फलक लावायला सांगितलं होतं तुमच्या सरकारच्या यूजीसीने. फलक वेळेवर पोचले बरं का, त्यांचा तुटवडा कुठे ऐकला नाही. मध्य प्रदेशाने त्या सोमवारी १६ लाखांवर डोस दिले, आदल्या रविवारी ७०० पण नव्हते आणि मंगळवारी ५ हजारांच्या आत. आता तुम्हीच सांगा, साधा दुकानदार सुद्धा विचारेल की बाबा हा माल दोन दिवस मागे ठेवला होता का. आमच्या केंद्रावर त्या मंगळवारी बोर्ड होता, 'आज लस उपलब्ध नाही'. अण्णांची ती दुसरी खेप. पहिली शनिवारची, १९ तारखेची.

आणि त्याच सोमवारी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की कोरोनाच्या डेल्टा प्लस ह्या नव्या प्रकाराचे महाराष्ट्रात २१ पेशंट सापडलेत, त्यातले ९ आमच्या रत्नागिरीत. मंगळवारी तुमच्या खात्याने राज्याला लिहिलं की अशा जिल्ह्यात ताबडतोब कंटेनमेंट करा, टेस्टिंग वाढवा, लसीकरण प्राधान्याने करा. वाचून बरं वाटलं. प्राधान्याने म्हणजे आम्हाला आलेल्या पाच बाटल्या.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आई-अण्णांनी पहिला डोस बरोबर घेतला, २७ मार्चला, कोविशिल्ड. दुसराही त्याच लसीचा घ्यायचा. तेव्हा सांगितलं सहा ते आठ आठवड्यांनी दुसरा. मी कॅलेंडरवर ८ मेला गोल केला. ८ मेला गेलो, लस नाही. मग तौक्ते वादळ आलं, लाईट गेली, रस्त्यावर झाडं पडली, ते दिवस गेले. १९ मेला परत दोघांना घेऊन गेलो, ५३ दिवस झाले होते, तर खिडकीतला पोरगा म्हणतो सिस्टीम घेत नाही, आता ८४ दिवस. मी म्हटलं अरे कार्डावर लिहिलंय. तो म्हणाला काका, कार्ड जुनं झालं.

तर १३ मेला तुम्ही हे अंतर १२ ते १६ आठवडे केलंत. आधी २८ दिवस होतं, २२ मार्चला ते सहा ते आठ आठवडे झालं, मग हे. त्याच १३ मेला सांगितलं गेलं की ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये २१६ कोटी डोस येणार आहेत. लस नाही म्हणून अंतर वाढवलं असं सरळ सांगितलं असतं तर चाललं असतं मला, खरंच. घरात तांदूळ कमी असला की आई पेज करायची, कोणी तक्रार केली नाही. पण पेजेला विज्ञान नका म्हणू. दुसऱ्याच दिवशी, १४ मेला, ब्रिटनने पन्नाशीच्या वरच्यांसाठी हेच अंतर बारा आठवड्यांवरून आठ केलं, आणि का, तर भारतात सापडलेला डेल्टा व्हेरियंट तिकडे पसरतोय म्हणून! आपल्या विषाणूला घाबरून त्यांनी कमी केलं, आपण तोच अंगावर घेऊन वाढवलं. आठवड्याभरात त्यांचा डेटा पण आला की डेल्टाची लक्षणं रोखायला एक डोस ३३ टक्के आणि ह्याच लसीचे दोन डोस ६० टक्के. गेल्या आठवड्यात तुमच्याच सल्लागार गटातल्या शास्त्रज्ञांनी रॉयटर्सला सांगितलं की आम्ही ८ ते १२ म्हटलं होतं, १६ पर्यंत जायला पुरेसा डेटा नव्हता. त्यावर तुम्ही म्हणालात निर्णय पारदर्शक आहे. पारदर्शक आहे खरा, आरपार दिसतंय.

२९ मेला आईला ताप आला. ३१ला रिपोर्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन किती होता माहितीये? ८४. हा आकडा आता आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. १०८ला फोन केला तर दोन तास लागतील म्हणाले, शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत, मागे गादी टाकून नेली, मी एका हाताने सलाईनच्या बाटलीसारखा मोबाईल धरून बसलो होतो टॉर्च लावून, कारण तिला अंधारात घुसमटायला होत होतं. अकरा दिवस ऑक्सिजनवर. वाचली. आता पाणी प्यायला उठली तरी भिंत धरून उभी राहते, आणि तुमच्या नियमाप्रमाणे तिचा दुसरा डोस बरी झाल्यावर तीन महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबर. १९ मेला दिली असती तर तिला झालाच नसता असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण दिली असती तर मला रात्री हा हिशोब करत बसावं लागलं नसतं एवढं नक्की.

आणि ७ जूनला नवीन नियम काढलात, परदेशी शिकायला, नोकरीला किंवा ऑलिंपिकला जाणाऱ्यांना दुसरा डोस २८ दिवसांनंतर चालेल. पोरं जाऊ देत हो, खेळाडू तर जाऊच देत, त्यांच्यावर राग नाही. पण २८ दिवसांनी घेतलेली लस विमानतळावर चालते तर आमच्या एसटी स्टँडवर का नाही? अण्णांना तालुक्यापलीकडे जायचं नाही हा त्यांचा गुन्हा का?

राज्यवाल्यांना विचारलं तर म्हणतात केंद्र पाठवत नाही. तुम्ही म्हणता राज्याकडे साठा आहे, नियोजन नाही. एप्रिलमध्ये पण हेच चाललं होतं, राज्य म्हणत होतं तीन दिवसांचा साठा उरलाय, तुम्ही म्हणालात राजकारण करताय, आणि मग ११ ते १४ एप्रिल लस उत्सव केलात! बजेटमध्ये ३५ हजार कोटी ठेवले होते ना लसीसाठी, तरी राज्यांना सांगितलं मे महिन्यापासून तरुणांची लस तुमची तुम्ही घ्या. तेव्हा एकाच कोविशिल्डचे तीन भाव, केंद्राला १५०, राज्याला ३००, प्रायव्हेटला ६००. माझ्या २२ वर्षांच्या पुतण्याने १ मेपासून लसीच्या नोंदणीच्या कोविन साइटवर रोज डोळे फोडले, ओटीपी येईपर्यंत स्लॉट गायब, आणि १२ मेला राज्याने १८ ते ४४ वयाचं लसीकरण बंदच केलं. घरोघर फिरून ऑक्सिजन मोजणाऱ्या आशाताई १५ जूनला संपावर गेल्या, कारण त्यांना पोटापुरतं पण मिळत नाही. टाळ्या, थाळ्या, फुलं सगळं मिळालं, तेवढं राहिलं.

पत्र थोडक्यात लिहिणार होतो. मागण्या दोनच. जिथे हा नवा प्रकार सापडलाय तिथे साठच्या वरच्यांचं अंतर आठ आठवड्यांवर आणा. आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या केंद्रावर किती डोस येणार हे आदल्या संध्याकाळी बोर्डावर लिहा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पावसात छत्री जमिनीवर ठेवून उभं राहावं लागणार नाही.

आपला,
छत्री क्रमांक ५८

ता.क. हे टाईप करेपर्यंत ग्रुपवर मेसेज आला. उद्या फक्त कोव्हॅक्सिन आहे.