विषय : पावडरच्या खोक्यावर छापलेले चुकीचे तापमान आणि त्यामुळे वाया गेलेले काम

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक विभाग

आपल्या ग्राहक सेवेला आज पाचवा फोन केला. त्यातूनही काही निष्पन्न झाले नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे. पॉलिएस्टर पावडर म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगणार नाही; ती आपणच बनवता.

मिरजोळे औद्योगिक वसाहतीत माझे पावडर कोटिंगचे, म्हणजे धातूवर रंगाची पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करण्याचे, छोटे युनिट आहे. आपल्या तपकिरी पावडरचे २५ किलोचे चार खोके मी मागवले. खोक्यावरील लेबलवर १८० अंश सेल्सिअस, १० मिनिटे असे स्पष्ट छापलेले होते. त्याप्रमाणे भाट्ये येथील एका बंगल्याचे रेलिंग आम्ही भाजले. ओव्हनच्या काट्यावर विसंबून नव्हे, तर जाड चौकोनी पाइपला थर्मोकपल (धातूचे तापमान मोजणारी तार) लावून, धातू स्वतः १८० अंशांना पोहोचल्यावर घड्याळ सुरू करून. रंगाच्या थराची जाडी ७० मायक्रॉन आली आणि चकाकीही उत्तम होती. मात्र रेलिंग बसवताना वेल्डरचा पाना हलकेच लागला आणि रंगाचा नखाएवढा पापुद्रा निघाला. सॉल्व्हंटने भिजवलेल्या कापसाने घासले, तर कापूस तपकिरी झाला आणि खाली पत्रा दिसू लागला. पावडर वितळली होती, पण पक्की झालीच नव्हती.

त्यानंतर आपले माहितीपत्रक मागवले. त्यात याच पावडरसाठी २०० अंश, १० मिनिटे लिहिले आहे. लेबल आपलेच, माहितीपत्रकही आपलेच.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपल्या प्रतिनिधीने प्रथम विचारले, "धातूचे तापमान तुम्ही मोजता कशाने, हात लावून?" थर्मोकपलच्या नोंदी पाठवल्या आहेत असे सांगितल्यावर काही क्षण शांतता झाली आणि मग उत्तर आले, "तुमच्या कोकणात हवा खारट आहे हो, समुद्राची तक्रार आमच्याकडे कशाला करता?" मी विचारले की, १८० अंशांच्या बंद ओव्हनमध्ये समुद्र कुठून शिरतो? त्यावर ते म्हणाले, "मग पावसाळी दमटपणा असेल." रेलिंगचे काम मार्च महिन्यातले आहे. पाऊस आमच्याकडे भरपूर पडतो हे खरे, पण मार्चमध्ये तो आम्हालाही परवडत नाही. शेवटी त्यांनी सल्ला दिला, "तापमान २० अंश वाढवून बघा." म्हणजे लेबल चुकीचे आहे हे त्यांनी मान्य केले, फक्त कबूल केले नाही.

खारी हवा रंग खाते, हे इथे कोणालाही शिकवावे लागत नाही. म्हणूनच आम्ही फॉस्फेटिंगमध्ये, म्हणजे रंगाआधी धातूला गंजरोधक थर देण्यात, कधी घाई करत नाही. परंतु हे रेलिंग गंजलेले नाही. ते बसवण्याच्या दिवशीच सोलले.

तरीही, माझ्याच हातून काही चुकले असेल, असे धरून एकाच खोक्यातील पावडर दोन पत्र्यांवर मारली. १८० अंशांवर भाजलेला पत्रा वाकवताच तडकला, २०० अंशांवरचा तडकला नाही. दोन्ही पत्रे माझ्याकडे आहेत. बघायला कोणीही यावे, हात लावून मोजायचे असेल तरी हरकत नाही.

अकरा वर्षे आपलीच पावडर घेत आलो, स्वस्त माल दारात येऊनही घेतला नाही. त्याचे आज वाईट वाटते.

रेलिंगचा रंग काढून ते पुन्हा रंगवण्याचा खर्च, वाहतुकीचे भाडे, बदली खोके आणि लेबल चुकीचे होते असे लेखी पत्र, एवढे पंधरा दिवसांत मिळावे. बंगल्याच्या मालकांना तोंड मला द्यावे लागते, आपल्या प्रतिनिधीला नाही. मुदतीत उत्तर न आल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवीन आणि भाजलेले दोन्ही पत्रे जिल्ह्यातील प्रत्येक कोटिंगवाल्याला दाखवीन.

उरलेले दोन खोके शटरजवळ ठेवले आहेत. ते न्यायला जो येईल, त्याने आधी लेबल वाचावे.

आपला ग्राहक,
मिरजोळे, रत्नागिरी