हा कर कोणाले द्यायचा? कंपनी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्री महोदया,
सा. न.

गेल्या आठवड्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने 85 हजार रुपये विलंब शुल्क भरलं. कंपनी निबंधकाकडे 2023-24 चा ताळेबंद 440 दिवस उशिरा गेला, वार्षिक विवरण 410 दिवस. दिवसाला शंभर, प्रत्येक फॉर्मला वेगळे, वर मर्यादा नाही. त्या वर्षीचा आमचा नफा होता 61 हजार.

उशीर आमचाच, नाकबूल नाही. पण का झाला तेही ऐका. 2020 मध्ये तुमच्या सरकारने दहा हजार उत्पादक कंपन्यांची योजना आणली. आम्ही दारव्हा तालुक्यातले चारशे बारा शेतकरी हजार-हजाराचे शेअर घेऊन त्यात उतरलो. तीन वर्षं व्यवस्थापनाचा खर्च मिळाला, हिशेबनीसाचा पगार त्यातूनच. तीन वर्षं संपली, पगार थांबला, पोट्टं नागपूरले गेलं. वह्या माझ्या घरी, तुरीच्या पोत्यांशेजारी.

आता म्हणे छोट्या कंपन्यांना दिलासा दिला. छोटी कंपनी म्हणजे कोण, तर 2022 मध्ये उलाढाल 40 कोटींपर्यंत, 2025 च्या डिसेंबरात थेट 100 कोटींपर्यंत. साजरं झालं. पण मॅडम, आमची उलाढाल दोन कोटींच्या आतली, आम्ही आधीपासूनच छोटे. छप्पर वर गेलं, जमिनीवर बसलेल्याले काय मिळालं? रोख प्रवाहाचा, म्हणजे पैसा कुठून आला-कुठे गेला याचा तक्ता माफ आहे, त्याबद्दल आभार. तो आम्हाला आधीपासूनच माफ होता.

बाकी सगळं तसंच आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनप्रमाणे हिशेबाची अकरा गुणोत्तरं द्या आणि एखादं 25 टक्क्यांहून जास्त बदललं तर कारण लिहा. मालसाठ्याचं बदललं. मी लिहिलं, 'तूर फुलावर असताना पाऊस आला, डाळ मिल तीन महिने बंद.' ऑडिटवाल्या पोराने ते खोडून 'प्रतिकूल हवामान' केलं. मग त्याने लेखा मानक 22 काढलं, स्थगित कर. मिलच्या यंत्राचा घसारा, म्हणजे झिजेपोटी किमतीत धरलेली घट, कंपनी कायद्यात वेगळा, आयकरात वेगळा, त्या फरकावरचा कर ताळेबंदात दाखवायचा. सभेत एक म्हातारबा उठले, "हा कर कोणाले द्यायचा?" म्हटलं, "कोणालेच नाही बाप्पा, फक्त लिहायचा." ते म्हणाले, "मग लिहिता काऊन?" याचं उत्तर मला देता आलं नाही, तुम्हाला येत असेल तर कळवा. तोच पोरगा सांगत होता, ब्रिटनमध्ये अगदी लहान कंपन्यांना एफआरएस 105 नावाचं वेगळं मानक आहे आणि त्यात स्थगित कर दाखवायचाच नसतो. त्यांच्याकडे तूर पिकत नाही, तरी त्यांना हे सुचलं.

मागणी एवढीच: दोन कोटींच्या आत उलाढाल असलेल्या कंपनीला दोन पानांचा ताळेबंद, गुणोत्तरं नकोत, स्थगित कर नको. आणि विलंब शुल्काला कुठेतरी टोपण लावा. कंपनी कायद्याच्या कलम 446 ब मध्ये उत्पादक कंपन्यांचा दंड निम्मा केलात, पण हे शुल्क म्हणजे दंड नव्हे म्हणून ते पूर्ण! असा शब्दांचा खेळ आमच्या गावचा सावकारही करत नव्हता.

दिवाळखोरीचा कायदाही तुमच्याच खात्याकडे. तिथे हजारो कोटी बुडवलेल्याचं कर्ज बँका निम्म्याहून जास्त सोडतात आणि त्याला हेअरकट म्हणतात. त्यांना हेअरकट, आमची हजामत. जिल्ह्यात आमच्यासारख्या शंभर तरी कंपन्या कागदाखाली दबून बंद पडल्या असतील, माझा अंदाज आहे, तुमच्याकडे आकडा असेलच. शेतकऱ्याने उद्योजक व्हावं असं भाषणात सांगायचं, आणि तो झाला की त्याच्यामागे दिवसाला शंभर रुपयांचं मीटर सोडायचं.

असो. संचालकांचं केवायसी अजून बाकी आहे. चुकलं तर माणशी पाच हजार, आम्ही दहा जण. दोघांच्या शिवारात रेंज नाही, ओटीपीसाठी त्यांना पाझर तलावाच्या भिंतीवर उभं करावं लागतं. मी आता त्यांनाच घेऊन निघालो आहे.

आपला,
एक संचालक, शेतकरी उत्पादक कंपनी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ