बोअर पाडण्याआधी

सोलापूर,
मे महिना

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या भूशास्त्राच्या अभ्यासाचे बोलणे निघाले की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई जेवलीस का, एवढे विचारून बोलणे संपवते. म्हणून जे नीट सांगायचे आहे ते लिहूनच पाठवीत आहे. बोअरची गाडी ठरवण्याआधी बाबांनी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे. मधल्या दोन वर्षांत माझ्यात काय बदलले ते सांगितल्याशिवाय बोअरबद्दलचे माझे म्हणणे तुम्हाला पोरीचा आगाऊपणा वाटेल, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

शिष्यवृत्ती मिळाल्याचे बाबांनी पारावर सांगितले तेव्हा रक्कम सांगितली नव्हती, ते बरेच झाले. केंद्र सरकारची ही शिष्यवृत्ती पदवीच्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला हजाराची आहे आणि तेवढ्यात मेसचे बिलही भागत नाही. मात्र ती चालू राहण्यासाठी दरवर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत भरावा लागतो आणि महाविद्यालयाने तो पडताळून पुढे पाठवावा लागतो. पहिल्या वर्षी कार्यालयाच्या खिडकीपाशी मी कोणी विचारील या आशेने उभी राहत असे आणि कोणी विचारले नाही की खोलीवर परतत असे. दुसऱ्या वर्षी मुदतीची तारीख कागदावर लिहून नेली आणि पडताळणी आज होईल का, नसेल तर कोणत्या दिवशी होईल, एवढेच विचारले. ती त्याच आठवड्यात झाली. आपल्या घरात कचेरीत शिरताना चप्पल दाराबाहेर काढण्याची रीत आहे. मला आता तशी गरज वाटत नाही आणि त्यामुळे कोणाचा अपमान होतो असेही वाटत नाही.

वर्गात तोंड उघडायला मात्र याहून जास्त वेळ लागला. शिकवणे इंग्रजीतून, शेजारच्या मुली शहरातल्या आणि तालुक्यात पहिली आलेली मी इथे मधल्या रांगेतली. याचे दुःख फार दिवस पुरले नाही, कारण पहिली येण्याची जबाबदारी उतरल्यावर अभ्यास अधिक मोकळेपणाने होऊ लागला. बोलले ती पहिल्यांदा शहराबाहेरच्या एका खाणीत. काळ्या दगडाच्या दोन थरांमधला तांबडा पट्टा दाखवून सरांनी असा थर कोणी पूर्वी पाहिला आहे का, असे विचारले. मी मराठीतूनच सांगितले की आमच्या विहिरीत उतरताना डाव्या हाताला असाच पट्टा लागतो आणि पावसाळ्यानंतर त्याच्या वरून पाणी पाझरते. सरांनी माझ्याकडून त्या विहिरीचा आकार, थरांची जाडी, पट्ट्याची खोली, सारे विचारून घेतले. जाडी मला सांगता आली नाही, तेव्हा "पुढच्या वेळी मोजून या" एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून वहीत अंदाजाने काही लिहिण्याची माझी सवय सुटली.

एक गोष्ट आईसाठी. अडचण म्हणजे कोरडवाहू गावची, अशी माझी समजूत होती. माझी एक वर्गमैत्रीण इथल्या पूर्व भागात राहते, घरात तेलुगू बोलते आणि तिची आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळते. त्यांच्या घरी बिडी कामगारांच्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही दोघींनी भरला. तिच्या आईच्या बोटांकडे पाहताना मला तुझी खुरपणीची बोटे आठवली. सोलापूरची चादर आपल्या घरात कायम होती, पण ती विणणारे यंत्रमाग ज्या गल्ल्यांत चालतात, तिथली माणसे मला इथे येऊन ओळखीची झाली.

आता बोअरबद्दल. बाबा, आपल्या शेताखाली जो काळा पाषाण आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि तो थरावर थर साचून झाला आहे. वाळूत जसे सर्वत्र पाणी मुरते तसे या दगडात मुरत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणून खोल गेले की पाणी वाढते हे आपल्याकडे खरे ठरत नाही. खाली सलग पाषाण लागला तर पुढची शंभर फूट नुसती भुकटी आणि बिल. आपले आधीचे दोन्ही बोअर विहिरीहून कितीतरी खोल असून कोरडे गेले, याचे कारण मला हेच दिसते. पाणाड्याकाकांनी जागा दाखवली तेव्हा त्यांच्या तळहातावरचा नारळ फिरला, हे मीही पाहिले आहे. त्यांना शिवाराची माहिती आहे आणि मी त्यांना खोटे म्हणत नाही. पण त्यांनी दाखवलेल्या दोन जागा कोरड्या का गेल्या, हे तुम्ही त्यांना एकदाही विचारलेले नाही. तिसऱ्या जागेसाठी सोसायटीचे कर्ज काढण्याआधी तो प्रश्न विचारायला हवा आणि तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी विचारीन.

काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून आपल्या मंगळवेढ्याकडची ज्वारी पाऊस सरल्यावर नुसत्या ओलीवर येते. परंतु हीच चिकण माती पाणी खाली लवकर सोडत नाही, त्यामुळे भूगर्भात भरणा कमी होतो. ओढ्यालगत जिथे मुरूम उघडा आहे तिथे शोषखड्डा घेता येईल, असे मला वाटते. "वाटते" हा शब्द जाणूनबुजून लिहिला आहे, कारण मी अजून विद्यार्थिनी आहे. भूजल सर्वेक्षणाचे कार्यालय सोलापुरातच आहे. तिथे जाऊन जागा पाहण्यासाठी अर्ज कसा करायचा ते मी विचारून येते.

यातूनच पुढचे ओघाने येते. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जावे, अशी बाबांची इच्छा आहे हे मी जाणते. मला मात्र भूशास्त्रातच एम.एस्सी. करायची आहे, शक्यतो इथल्याच विद्यापीठात. नियमात बसले तर पदव्युत्तर वर्गासाठी हीच शिष्यवृत्ती वर्षाला २०,००० रुपये मिळते. तुमचा नकार असेल तर तो कारणासहित सांगा. मी ऐकून घेईन आणि मला पटले नाही तर तसेही सांगेन.

परीक्षा संपली आहे. शनिवारच्या एस.टी.ने येते. येताना मोजपट्टी आणि वही आणीत आहे. विहिरीतली पाण्याची पातळी आता उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा मोजून ठेवू. आईने पायऱ्यांवरची झुडपे तेवढी काढून ठेवावीत आणि बाबा, तोपर्यंत गाडीवाल्याला विसार देऊ नका.

तुमची आज्ञाधारक,
पण आता जरा प्रश्न विचारणारी,
मुलगी