भाड्याच्या खोल्या बांधताना

महोदय,

गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या मुलामुलींसाठी आमच्या म्हार्दोळ भागात भाड्याच्या खोल्या बांधल्या जातात. माझ्या घरासमोरच अशी आठ खोल्यांची रांग आहे. खाटेखाली गॅसची शेगडी, खिडकीच्या गजांना ओले कपडे. रात्री घरी फोन करायचा तर मुली जिन्यावर येऊन बसतात आणि कोणी वर-खाली गेले की दर वेळी पाय आवरून घेतात. दुसरी जागाच नाही.

सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून उभी नोकरी काढल्यामुळे नकाशे बघायची खोड अजून सुटलेली नाही. जपानमध्ये नागोया शहरात 2013 साली ‘एलटी जोसाई’ नावाचे 13 खोल्यांचे घर झाले. राहणारे एकमेकांच्या नात्यातले नव्हेत. प्रत्येकाची खोली जेमतेम 12 चौरस मीटरची, पण कडी लावता येणारी. खरी करामत खोल्यांबाहेर आहे. चारचौघांनी जेवायला उंच छताखाली मोठे टेबल, दोघांच्या गप्पांना स्वयंपाकाचा ओटा, एकट्याने वाचत बसायला खिडकीजवळचा कोपरा, वर लोळायला सतरंजीची जागा. बाहेर येऊन बसलात म्हणून कोणाशी बोललेच पाहिजे, अशी सक्ती नाही.

यावर कोणीतरी म्हणेलच, आमच्या राजांगणाच्या, म्हणजे मधोमध मोकळा चौक असलेल्या, जुन्या घरांत हे सगळे होते. नव्हते हो! मी तसल्याच घरात वाढलो. माणसांचा राबता भरपूर, पण माझ्या आईला दुपारी दार लावून घटकाभर पडायला खोली नव्हती. बाळंतपण सोडले तर सुनेने कडी लावणे म्हणजे घरभर चर्चा. आता कडी मिळाली आणि बसायचा सोपा (ओसरी) गेला.

आठातली एक खोली मालकांनी सोडावी. तिथे सामाईक स्वयंपाकघर करावे, बाहेर रुंद पडवी काढावी. पडवीवर छप्पर हवेच, आपला पाऊस जपानी नकाशाला विचारून पडत नाही. भाडे बुडेल म्हणतील, तर उरलेल्या सात खोल्यांवर थोडे थोडे वाढवावे. खाटेखालची शेगडी जाणार असेल तर मुले ते देतील, असे त्यांच्याशी बोलताना मला वाटले.

पंचायतीनेही परवाना देताना सेप्टिक टँक, पार्किंग बघून थांबू नये. कामावरून आलेली माणसे संध्याकाळी बसणार कुठे, तेही नकाशात दाखवायला सांगावे.

— एक निवृत्त ड्राफ्ट्समन, म्हार्दोळ